घाट उतरण्याआधी : मोटारीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलताना

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा या गावी दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून अहमदाबादमार्गे दिल्लीकडे जाणारा ४८ क्रमांकाचा, ज्याला जुने चालक आजही ‘आठ नंबर’ म्हणतात. आणि दुसरा हजिऱ्याहून निघून धुळे, जळगाव, नागपूर असा थेट ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जाणारा ५३ क्रमांकाचा, जो पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाई. कापडावर रंगाई-छपाई करणाऱ्या गिरण्यांचे ट्रक, गळीत हंगामात साखर कारखान्यांकडे निघालेली उसाची वाहने, कामगारांच्या रिक्षा आणि दुचाकी यांच्या गर्दीत कडोदरा चार रस्त्यावर मोटार चालवणे म्हणजे दर काही मीटरवर ब्रेक दाबणे होय. याच रस्त्याने, उधना, लिंबायत, डिंडोली आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात स्थायिक झालेली खान्देशी कुटुंबे दिवाळीला, अखाजीला आणि श्रावणातल्या कानबाईला आपापल्या गावी जातात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी असे टप्पे मागे टाकून कोंडाईबारीचा घाट चढतात आणि सण आटोपला की भरलेल्या मोटारीने तोच घाट उतरून परततात. शहरातील अडखळती रहदारी आणि परतीच्या वाटेवरचा घाटउतार ही ब्रेकची दोन अगदी वेगळी परीक्षास्थाने असून, या दोन्ही ठिकाणी सर्वाधिक झीज सोसणारा भाग म्हणजे पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड.

हे पॅड बदलण्याचे काम नेहमीच्या छोट्या मोटारींच्या बाबतीत घरच्या अंगणात करता येण्याजोगे आहे. त्याला लागणारी हत्यारे मोजकी आहेत आणि सोडाव्या लागणाऱ्या बोल्टांची संख्याही थोडी आहे. परंतु झिजलेला तुकडा काढून नवा बसवणे एवढ्यापुरतेच हे काम मानले, तर त्याचा निम्माअधिक उपयोग वाया जातो. कारण चाक उतरवून कॅलिपर उघडल्यावर ब्रेकची जी अवस्था प्रत्यक्ष पाहता येते, ती एरवी वर्षानुवर्षे झाकलेली असते. म्हणून हे काम तपासणी समजूनच हाती घेणे योग्य ठरते.

आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक अशी रचना असते. चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना चिकटून बसणाऱ्या, पोलादी पाठीवर घर्षणद्रव्याचा थर असलेल्या दोन पट्ट्या म्हणजे पॅड. आणि या दोन पट्ट्यांना चिमट्यासारखे आवळणारा जबडा म्हणजे कॅलिपर. चालकाने पायाने दिलेला दाब आधी पेडलच्या तरफेने आणि मग इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या बूस्टरने वाढवला जातो. तो मास्टर सिलिंडरमधील द्रवावर पडतो, आणि बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो या पास्कलच्या नियमानुसार नळ्यांतून कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत जातो. छोट्या मोटारींत पिस्टन बहुधा एकच आणि तोही आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवरून आतल्या दिशेला सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर आवळला जातो. या सरकत्या पिनांकडे पुढे पुन्हा वळावे लागेल, कारण ब्रेकच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ तिथेच असते.

ब्रेक लावताच मोटारीचा भार पुढे झुकतो आणि पुढच्या टायरांची रस्त्यावरची पकड वाढते, त्यामुळे थांबवण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढची चाकेच उचलतात. मोटार थांबते म्हणजे तिच्या गतीतील ऊर्जा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. एक हजार किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे तापमान जवळजवळ ६० अंशांनी वाढू शकते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. घाटातले गणित याहून कठोर आहे. हीच मोटार ३०० मीटर उंचीचा उतार केवळ ब्रेकच्या बळावर उतरवली, तर सुमारे २९ लाख ज्यूल, म्हणजे ताशी ८० च्या वेगावरून जवळजवळ बारा वेळा थांबण्याइतकी ऊर्जा ब्रेकमध्ये ओतली जाते, आणि तीही थंड होण्यास पुरेशी उसंत न मिळता. चार-पाच माणसे आणि सणाचे सामान भरलेले असेल तर आकडा आणखी वाढतो. ठरावीक तापमानापलीकडे पॅडमधील राळ विघटित होऊ लागते, घर्षण घटते आणि पेडल नेहमीसारखे घट्ट लागत असूनही मोटार थांबत नाही. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनालाच वेग रोखू द्यावा, हा जुन्या चालकांचा सल्ला याच कारणाने शास्त्रशुद्ध आहे. झिजून पातळ झालेल्या पॅडला तर उष्णता सामावून घ्यायला जागाच उरलेली नसते.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले, परंतु त्यांनी वापरलेले तांब्याचे पॅड डिस्कवर घासताना कर्कश किंचाळत. घर्षणद्रव्यात ॲस्बेस्टॉस वापरण्याचा मार्ग पुढे हर्बर्ट फ्रूड यांच्या प्रयत्नांतून रुळला. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली आणि १९५५ च्या सित्रोएन डीएसने ते नेहमीच्या वापरातील मोटारीत आणले. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात साठून कर्करोगासह गंभीर आजार होतात हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. युरोपीय संघात ती २००५ पासून पूर्णपणे लागू झाली. भारतात मात्र त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. म्हणून पॅड घेताना त्यावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असा स्पष्ट उल्लेख आहे का हे पाहणे, आणि जुने पॅड काढताना साचलेली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने न उडवता ओल्या फडक्याने अथवा ब्रेक क्लीनरने टिपून घेणे, या दोन सवयी गॅरेजमधील कारागिराने आणि घरी काम करणाऱ्यानेही कटाक्षाने पाळायला हव्यात. गॅरेजांमध्ये फुंकर मारून ब्रेक साफ करण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती कारागिरांच्याच आरोग्याच्या मुळावर येणारी आहे.

पॅड झिजल्याची खूण मोटार स्वतःहून देते. अनेक पॅडांवर एक बारीक पोलादी पट्टी बसवलेली असते. घर्षणद्रव्याचा थर कमी होऊन ती डिस्कला टेकली की चाकातून सलग चिरका आवाज येऊ लागतो. पुढे खरखरीत दळल्यासारखा आवाज येऊ लागला, तर थर संपून पोलादी पाठ डिस्कवर घासत आहे असे समजावे, आणि मग पॅडच्या जोडीने डिस्कचाही खर्च आला. नव्या पॅडवरील थर साधारणतः १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. किती किलोमीटरनंतर बदलावेत याचे ठरावीक उत्तर देता येत नाही, कारण चार रस्त्याच्या गर्दीत रोज दोनदा अडकणारी मोटार आणि मोकळ्या महामार्गावर धावणारी मोटार यांच्या झिजेत मोठा फरक पडतो. जाडी मोजणे हाच भरवशाचा मार्ग होय.

झिजेची आणखी एक खूण बॉनेटखाली असते आणि तिच्याकडे बहुधा चुकीच्या नजरेने पाहिले जाते. पॅड झिजत जातात तसतसा पिस्टन थोडाथोडा बाहेर येतो, त्याच्यामागची जागा द्रवाने भरते आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी हळूहळू खाली उतरते. पातळी खाली दिसली की टाकी वरपर्यंत भरून टाकण्याची सवय त्यामुळे दुहेरी घातक ठरते: पॅड झिजल्याची किंवा गळतीची सूचना झाकली जाते आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की जादा द्रव टाकीबाहेर येऊन रंगावर सांडतो. हा द्रव मोटारीचा रंग खातो. सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

पॅड खरेदी करताना मोटारीचे मॉडेल, वर्ष आणि व्हेरिएंट यांची खात्री करून मूळ कंपनीचे किंवा प्रतिष्ठित उत्पादकाचे पॅड घ्यावेत. मोटारउद्योगाच्या चाचण्यांसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे आणि ब्रेकच्या सुट्या भागांचे उत्पादन देशात अनेक दशकांपासून होत आहे. त्यामुळे चांगला माल मिळत नाही अशी स्थिती मुळीच नाही. अडचण आहे ती हुबेहूब वेष्टनात विकल्या जाणाऱ्या डुप्लिकेट मालाची. अस्सल मालाच्या किमतीपेक्षा फारच स्वस्त, बिलाशिवाय मिळणारा, कडा खडबडीत आणि छपाई पुसट असलेला पॅड नाकारावा. अनेक पॅडांच्या कडेवर उत्पादकाच्या सांकेतिक खुणेच्या शेवटी दोन रोमन अक्षरे असतात. त्यांतील पहिले थंड अवस्थेतील आणि दुसरे तप्त अवस्थेतील घर्षणाची श्रेणी दाखवते. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५. घाटातून ये-जा करणाऱ्याने दुसऱ्या अक्षराकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे ‘ई’ असेल तर तापल्यावर पकड उणी पडण्याची शक्यता अधिक असते.

प्रत्यक्ष कामासाठी सपाट आणि टणक जागा लागते. सोसायटीच्या आवारातील पेव्हर ब्लॉकवर जॅकचा पाया रुतू शकतो, म्हणून त्याखाली जाड लाकडी फळी ठेवावी. हँडब्रेक ओढून, मोटार पहिल्या गिअरमध्ये ठेवून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट चाक जमिनीवर टेकलेले असतानाच थोडे सैल करावेत आणि मगच कंपनीने दाखवलेल्या जागी जॅक लावून मोटार उचलावी. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे. त्यामुळे मोटार उचलताच तिच्याखाली लोखंडी स्टँड लावणे अनिवार्य आहे, आणि काढलेले चाकही तिच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले तर आणखी एक आधार मिळतो. स्टँड नसेल तर हे काम घरी करू नये. या एका बाबतीत तडजोडीला जागा नाही.

दोन्ही बाजू एकदम न उघडता एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीकडे वळावे. क्लिप कोणत्या बाजूने बसते असा संभ्रम पडला, तर न उघडलेली बाजू पाहून तो सोडवता येतो. स्टिअरिंग एका बाजूला वळवले की कॅलिपरचा मागचा भाग समोर येतो. बऱ्याच मोटारींत खालचा एक बोल्ट सोडून कॅलिपर वर उचलता येतो, काहींत दोन्ही सोडावे लागतात. पाना बहुधा १२ किंवा १४ मिलिमीटरचा लागतो. कॅलिपर पूर्ण सुटा केला तर तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा, कारण त्याच्या रबरी नळीवर वजन लोंबकळले तर नळीला आतून इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. कॅलिपर उघडा असताना ब्रेक पेडल कोणीही दाबता कामा नये, अन्यथा पिस्टन बाहेर पडून सगळा द्रव वाहून जाईल. घरात मुले असतील तर मोटारीची दारे बंद ठेवलेली बरी.

जुने पॅड हातात आले की ते टाकून देण्याची घाई करू नये. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड शेजारी ठेवून त्यांची जाडी पाहावी. दोन्ही जवळपास सारखे झिजले असतील, तर कॅलिपर नीट काम करीत आहे. आतला बराच पातळ आणि बाहेरचा जाड असेल, तर सरकत्या पिना अडकल्या आहेत किंवा पिस्टन मागे परतत नाही, असा त्याचा अर्थ होतो. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, म्हणजे पाचरीसारखा झिजला असेल, तर दोनपैकी एक पिन गंजून घट्ट झाली असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात धूळ आणि गिरण्यांच्या परिसरातील सततची अवजड रहदारी अशा वातावरणात पिनांवरचे रबरी बूट चिरतात, आत चिखल शिरतो आणि ग्रीस वाळून जाते. अशा कॅलिपरवर नवे पॅड बसवून मोटार परत केली, तर काही महिन्यांतच पुन्हा एकाच बाजूची झीज होते आणि दोष मात्र पॅडच्या कंपनीला दिला जातो. पिना बाहेर ओढून, पुसून, त्यांवर रबराला अपाय न करणारे सिलिकॉन ग्रीस लावणे एवढ्यानेच हा दोष बहुधा दूर होतो. साधे पिवळे ग्रीस येथे वापरू नये. त्यातील खनिज तेलाने रबर फुगते आणि पिना पूर्वीपेक्षाही घट्ट होतात.

त्यानंतर डिस्क. तिच्यावरील बारीक वर्तुळाकार रेषा स्वाभाविक आहेत. नखाला स्पष्ट अडकणारे खोल चरे, तापून पडलेले निळसर डाग किंवा केसासारखी भेग दिसली, तर डिस्क तज्ज्ञाला दाखवावी. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस गंज पहिल्या एक-दोन ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याची चिंता नसावी. बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. झिजलेल्या डिस्कच्या काठाला उंचवटा राहतो, त्यामुळे व्हर्निअर कॅलिपर थेट लावले तर जाडी प्रत्यक्षाहून अधिक भरते. म्हणून दोन्ही अंगांना एकाच प्रकारचे एकेक नाणे लावून मोजमाप घ्यावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. उत्तर कोरलेल्या आकड्याहून कमी आले तर नवे पॅड घालून काही साधत नाही, दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्याच लागतात.

नवे पॅड जाड असल्याने पिस्टन मागे ढकलावा लागतो. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सुताराच्या शिकंज्याने सावकाश, सरळ रेषेत दाब द्यावा आणि मधूनमधून टाकीतील पातळी पाहावी. पिस्टन अजिबात हलला नाही, त्याच्या रबरी आवरणातून ओल दिसली किंवा नळीला तडे दिसले, तर काम तिथेच थांबवून कसलेल्या कारागिराला बोलवावे. द्रवाच्या नळ्या सोडणे आणि त्यांतील हवा काढणे हे घरगुती कामाच्या सीमेपलीकडचे आहे. पॅड ज्या खाचांत सरकतात त्या तारेच्या ब्रशने साफ कराव्यात, नव्या क्लिपा मिळाल्या असतील तर त्याच बसवाव्यात, आणि घर्षणद्रव्याला किंवा डिस्कला ग्रीसचे बोटही लागू देऊ नये. बोल्ट मोटारीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या बळानेच आवळावेत. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोर घेत, मोटार खाली उतरवल्यावर शेवटचे घट्ट करावेत.

पॅड नेहमी पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे असतात. एकाच बाजूचे बदलले तर दोन बाजूंची पकड असमान होऊन जोरात ब्रेक लावताना मोटार एका अंगाला ओढली जाते.

काम संपल्यावरची पहिली कृती चावी फिरवणे ही नसून पेडल दाबणे ही आहे. मागे ढकललेला पिस्टन आणि पॅड यांत फट असते. ती भरून निघेपर्यंत पहिले काही दाब पोकळ जातात. ते मोटार उभी असतानाच, इंजिन बंद ठेवून, पेडल घट्ट लागेपर्यंत हळूहळू द्यावेत. हे विसरून मोटार सुरू करून मागे घेणाऱ्याला पहिल्याच क्षणी ब्रेक लागत नाही, आणि आवारातल्या भिंतीला मोटार धडकण्याचे प्रकार याच विसराळूपणातून होतात. मग टाकीतील पातळी कमाल आणि किमान रेषांच्या मध्ये आहे याची खात्री करावी. द्रव दोन-तीन वर्षांत बदलला नसेल, तर तेही काम गॅरेजमधून करून घ्यावे. ग्लायकॉलवर आधारित हा द्रव हवेतील ओल शोषतो आणि समुद्राजवळच्या दमट हवेत हे सतत चालू राहते. ‘डॉट ३’ प्रकारच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावर मात्र तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. ‘डॉट ४’ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये असा ओलसर द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल खाली जाऊनही ब्रेक लागत नाही.

नव्या पॅडला डिस्कशी जुळायला वेळ द्यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वेगावरून मध्यम दाबाने १० पर्यंत वेग उतरवावा, थोडे अंतर मोटार चालवून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि असे आठ-दहा वेळा करावे; तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून मोटार उभी धरू नये, कारण एकाच जागी पॅडचा थर डिस्कवर चिकटतो आणि पुढे पेडलला थरथर जाणवते. त्यानंतरही पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळणे हिताचे असते. याच कारणास्तव अखाजीला किंवा दिवाळीला गावी निघण्याच्या आदल्या रात्री नवे पॅड बसवून कोंडाईबारीकडे प्रस्थान ठेवू नये. ज्यांना पॅड बदलायचे आहेत त्यांनी ते निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे बदलावेत, कडोदऱ्याच्या रोजच्या रस्त्यावर ते रुळू द्यावेत आणि प्रवासाच्या चार दिवस आधी चाकाचे नट व ब्रेक ऑइलची पातळी पुन्हा एकदा तपासावी.